कात्री आहे, पण ती बाटलीत मिळत नाही

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रे घेतली आहेत. पहिले पत्र लांब आहे आणि उत्तर त्याहून लांब झाले आहे. संपादकांनी त्याला कातर लावू नये, एवढीच विनंती. का, ते पुढे कळेल.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझ्याकडे लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, अडीच हजार पिल्ले होती. पाचव्या आठवड्यात पिल्लांचा गंबोरो रोग आला, तोही लस देऊन. दोनशेच्या वर पिल्ले गेली. परवा एक विक्रेता शेडवर आला होता. पाण्यातून द्यायचे औषध आहे म्हणाला. कोंबडीच्या पेशीत आरएनएची कात्री असते, ती विषाणूचे तुकडे करते, या औषधाने ती जागी होते आणि मग मानमोडी, गंबोरो, बर्ड फ्लू कशाचीच लस लागत नाही, असे त्याचे म्हणणे. मोबाईलवर इंग्रजी लेखही दाखवला. अशी कात्री खरंच असते का? आणि बाटली घेऊ का?
(एक कुक्कुटपालक, खेड तालुका)

उत्तर : दादा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुमचे पैसे त्यात आहेत. बाटली घेऊ नका. घेतलीच असेल तर कपाटात राहू द्या, पण तिच्या भरवशावर एकही लस चुकवू नका.

कात्रीला विषाणू दाखवायचा तर पाण्यातून आरएनएच द्यावा लागेल आणि आरएनए हा फार नाजूक पदार्थ आहे. पाण्यातून पोटात गेला की आम्ल आणि पाचकरस त्याची वासलात लावतात. तसा आरएनए मक्याच्या प्रत्येक दाण्यात असतो, सोयापेंडीत असतो, तुमच्या पिल्लांनी टिपलेल्या किड्यांतही असतो. तो पोटात जाऊन कात्री जागी होत असती तर तुमची दोनशे पिल्ले गेलीच नसती. माणसांसाठी या कात्रीच्या तत्त्वावरचे पहिले औषध, पॅटिसिरान, २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते आणि एवढे करून ते पोचते मुख्यतः यकृतात. एवढा खटाटोप ज्याला लागतो, तो माल निपल ड्रिंकरमधून कसा जाईल?

आता कात्री. ती मात्र शंभर टक्के खरी आहे. त्या विक्रेत्याने खऱ्या गोष्टीला खोटी शेपटी लावली आहे.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले तेव्हा हा विषय पुस्तकात नव्हता, कारण तो कोणालाच माहीत नव्हता. पुढची तीस वर्षे मेलेल्या कोंबड्या उघडण्यात गेली आणि हे सगळे मी नोकरीत असताना, रात्री जेवण झाल्यावर, वाचून शिकले. तेव्हा माझ्या पद्धतीने सांगते.

पेशीचा रोजचा निरोप एकपदरी आरएनएवर लिहिलेला असतो. सुतळीचा एकच पदर. आरएनएचे विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढू लागतात तेव्हा मध्येच दोन पदर एकमेकांना चिकटलेला, लांबलचक दुपदरी आरएनए तयार होतो. असा लांब दुपदरी माल पेशी स्वतः सहसा बनवत नाही. त्यामुळे तो दिसला की घरात कोणी परके शिरले आहे हे तिला कळते. डायसर नावाचे प्रथिन या दुपदरी सुतळीचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते. हीच तुमची कात्री. त्यातला एक पदर आर्गोनॉट नावाचे दुसरे प्रथिन उचलते.

पुढचे काम आमच्या बायकांना लगेच समजेल. साडीच्या काठाचा तुकडा पर्समध्ये टाकून आपण मॅचिंग सेंटरमध्ये जातो आणि गठ्ठ्यामागून गठ्ठा त्याच्याशी लावून बघतो. आर्गोनॉट तेच करते. हातातल्या तुकड्याशी जुळणारा निरोप सापडला की तो कापून टाकते. विषाणूचा निरोप कापला गेला की विषाणूचे प्रथिन बनत नाही. संपले.

हे कळले ते कोंबडीकडून नव्हे. १९९० मध्ये अमेरिकेत पेटुनियाची जांभळी फुले आणखी गडद करायला म्हणून रंगाचे जादा जनुक घातले, तर फुले चक्क पांढरी आली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत दाखवले, की एकपदरी आरएनए टोचून फारसे काही होत नाही, दुपदरी टोचला की जुळणारे जनुक गप्प होते. यालाच आरएनए इंटरफेरन्स म्हणतात. २००६ चे नोबेल त्यांना मिळाले. ते वर्ष माझ्या लक्षात राहायला आणखी एक कारण आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष १८ फेब्रुवारीला जाहीर झाला आणि पांढरे सूट चढवून आम्ही शेडमध्ये उतरलो. लाखो पक्षी मारले गेले. चष्म्यावर धरलेली वाफ आणि शेवटच्या दिवशी शेडमध्ये झालेली शांतता अजून आठवते. ऑक्टोबरात नोबेलची बातमी वाचली तेव्हा माझ्याही मनात तुमचाच प्रश्न आला होता : मग त्या कोंबड्यांची कात्री कुठे होती?

उत्तर असे, की कोंबडीत ती घरकामाला लावलेली आहे. माशीत डायसर दोन असतात, एक घरकामाला आणि एक विषाणूंसाठी. वनस्पतींमध्येही विषाणूंसाठी वेगळे डायसर आहेत, म्हणून झाडे आणि कीटक या कात्रीवर जगतात. कोंबडीत, आणि तुमच्या-माझ्यात, डायसर एकच. पेशीचे स्वतःचे शेकडो छोटे आरएनए, ज्यांना मायक्रोआरएनए म्हणतात, ते कापून देण्यात ते गुंतलेले असते. कोणते जनुक किती चालवायचे हे त्या तुकड्यांवर ठरते. विषाणूंसाठी कोंबडीकडे दुसरी व्यवस्था आहे आणि ती शोधली गेली ती कोंबडीच्या अंड्यातच. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी अंड्यातल्या पटलाचे तुकडे घेतले, त्यांना उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू लावला आणि पाहिले, की त्या पेशी काहीतरी असे बाहेर सोडतात ज्यामुळे ताज्या पटलात जिवंत विषाणूही वाढत नाही. त्याचे नाव त्यांनी इंटरफेरॉन ठेवले.

कात्री मुकाट्याने काम करते. इंटरफेरॉन म्हणजे वाडीभर हाळी. दुपदरी आरएनए दिसला की पेशी शेजारणींना ओरडून सांगते आणि शेजारणी दारे लावून घेतात, प्रथिन बनवणे थांबवतात, वेळ आली तर स्वतः मरतात. खूण दोन्हीकडे तीच, दुपदरी आरएनए. पण पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत त्या खुणेवर पहिली धाव हाळी घालणाऱ्यांची असते. २०१३ मध्ये उंदरांच्या भ्रूणातल्या मूळपेशींत विषाणूचे डायसरने कापलेले तुकडे सापडले. मग या कात्रीचा मोठ्या प्राण्यांना विषाणूंविरुद्ध कितपत उपयोग होतो यावर शास्त्रज्ञांत जुंपली, ती अजून पुरती मिटलेली नाही.

विक्रेत्याने दाखवलेला लेख खोटा असेलच असे नाही. २००३ मध्ये संशोधकांनी असे तयार तुकडे बनवून, वाहक द्रव्यात मिसळून, फ्लूच्या विषाणूबरोबर उबवत्या अंड्यात टोचले आणि विषाणूची वाढ खरोखरच रोखली. म्हणजे आयता तुकडा हातात दिला तर कोंबडीचे आर्गोनॉट काम चोख करते. पण ती अंडी प्रयोगशाळेतली होती आणि सुई नेमक्या वेळी नेमक्या जागी गेली होती. तुमची अडीच हजार पिल्ले धावती आहेत.

आता तुमच्या गंबोरोकडे येते, कारण या कात्रीच्या गोष्टीत तोच सगळ्यात लबाड. इतर बऱ्याच विषाणूंत दुपदरी आरएनए कामापुरता बनतो. गंबोरोच्या विषाणूची मूळ पोथीच दुपदरी, दोन तुकड्यांत. म्हणजे चोराने वाजणारे घुंगरू बांधूनच घरात शिरावे तसे! मग पकडला का जात नाही? तर त्या सुतळीला तो व्हीपी-३ नावाच्या प्रथिनाने लपेटून ठेवतो. हे प्रथिन लांब दुपदरी आरएनएलाही चिकटते आणि कापलेल्या छोट्या तुकड्यांनाही. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी ते वनस्पतीच्या पानांत घालून पाहिले, तर तिथली कात्री बोथट झाली. यावरून काही जण लगेच म्हणतात, बघा, विषाणूने कात्रीवर तोड काढली म्हणजे कोंबडीत कात्री लढत असणार. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. तेच लपेटण हाळी घालणाऱ्यांपासूनही सुतळी लपवते, आणि कोंबडीत विषाणूला खरी भीती त्यांचीच आहे.

तुम्ही मेलेले पिल्लू उघडून घेतले होते का? पत्रात लिहिलेले नाही. शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेच्या वरच्या अंगाला एक छोटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. चार आठवड्यांच्या पिल्लात साधारण करवंदाएवढी. गंबोरोत ती आधी सुजते, वर पिवळट जेलीसारखे आवरण येते, कधी आत रक्त दिसते, आणि आठवड्याभरात ती आक्रसते. मांडीच्या स्नायूत रक्ताचे फराटे. हे एकदा पाहिले की विसरत नाही.

या पिशवीचा उपयोग काय, हे १९५६ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांची बर्सा काढून काय होते ते बघत होता. त्याच्या मित्राला, टिमोथी चँगला, वर्गात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना पकडणारी रक्तातली प्रथिने, बनतात हे दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिककडच्या उरलेल्या कोंबड्या नेल्या आणि प्रात्यक्षिक साफ फसले, प्रतिपिंडे बनलीच नाहीत. एका मोठ्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, शेवटी तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. आज माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये जी ‘बी-पेशी’ लिहिलेली असते, त्यातला बी हा या बर्साचा. गंबोरो नेमकी हीच पिशवी खातो. म्हणून त्यातून वाचलेल्या पिल्लांना नंतर मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागत नाही. तुमच्या उरलेल्या तेवीसशे पक्ष्यांवर त्यासाठी लक्ष ठेवा.

कात्रीचा विषय निघालाच आहे तर मारेक्स या कोंबड्यांच्या रोगाचेही सांगते. एक पाय पुढे, एक मागे अशी फाकून पडलेली तलंग तुम्ही पाहिली असेल. हा विषाणू डीएनएचा, नागिणीच्या कुळातला. तो कात्रीपासून पळत नाही. तो तिलाच कामाला लावतो. त्याच्याकडे स्वतःचे मायक्रोआरएनए आहेत. ते कोंबडीच्याच डायसरकडून कापून घेतो आणि कोंबडीच्याच आर्गोनॉटच्या हातात देतो. त्यातला एक तर कोंबडीच्या स्वतःच्या मायक्रोआरएनए-१५५ ची कामापुरती नक्कल आहे. २०११ मध्ये त्यातली फक्त दोन अक्षरे बदलून पाहिली, तर विषाणूची गाठी करण्याची ताकदच गेली. बावीस अक्षरांचा तुकडा आणि त्यातली दोन अक्षरे! हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि एक जागा अशी आहे जिथे कोंबडीने, म्हणजे खरे तर कोंबड्याने, हे शस्त्र विषाणूवर रोखलेले दिसते. पक्ष्यांतला ल्युकोसिसचा विषाणू स्वतःची प्रत पक्ष्याच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. प्रजननपेशीत शिवली गेली की ती पिढ्यान्पिढ्या चालते. ही पीडा फार जुनी, पाळीव कोंबडी झाली त्याच्याही आधीची. कोंबड्याच्या वृषणात पायआरएनए नावाचे थोडे मोठे तुकडे बनतात. ते डायसरने कापलेले नसतात आणि त्यांना धरणारी प्रथिनेही आर्गोनॉटची चुलत भावंडे, पण पद्धत तीच मॅचिंग सेंटरची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले, की पाळीव कोंबड्यांत गुणसूत्रात अडकलेल्या या विषाणूच्या एका जुन्या प्रतीपासूनच त्या विषाणूविरुद्धचे पायआरएनए बनतात. रानकोंबड्यांत ती जागा असे तुकडे बनवत नाही. घरात घुसलेल्या चोराच्याच सदऱ्याची चिंधी ठेवून घ्यायची आणि पुढच्या चोराला तिच्याशी ताडून बघायचे, असा हा प्रकार. पण हे वृषणात, पुढच्या पिढीसाठी. पाचव्या आठवड्यातल्या पिल्लाच्या बर्सात याचा उपयोग नाही.

आता कामाचे. लस देऊनही गंबोरो का आला, याची माझ्या अनुभवातली दोन कारणे. पहिले, लस लवकर दिली. आईकडून आलेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असतात तोवर ती लशीतल्या विषाणूलाच मारून टाकतात. पुढच्या लॉटला पहिल्या आठवड्यात थोड्या पिल्लांचे रक्त तपासून घ्या आणि तारीख त्यावरून ठरवा, कॅलेंडरवरून नको. दुसरे कारण, पाणी. टाकीत ब्लीचिंग पावडर होती का? क्लोरीनच्या पाण्यात जिवंत लस म्हणजे पैसे नाल्यात. दोन दिवस आधी क्लोरीन बंद करा, पाण्यात सायीशिवायच्या दुधाची भुकटी मिसळा, पिल्लांना आधी तासभर तहानलेले ठेवा आणि लशीचे पाणी दोन तासांच्या आत संपेल एवढेच करा. लस आणताना थर्मासमध्ये बर्फ होता की नुसता थर्मास होता, हेही घरात एकदा विचारा. आणि तूस पूर्ण काढून शेड धुतल्याशिवाय नवा लॉट आणू नका. हा विषाणू रिकाम्या शेडमध्ये तीन-चार महिने सहज टिकतो, तुसातले काळे किडेही त्याला सांभाळतात.

प्रश्न : मॅम, बर्ड फ्लूचा विषाणू रानबदकांच्या पोटात असतो आणि त्यांना काही होत नाही, पण कोंबड्या दोन दिवसांत मरतात. बदकांमध्ये आरएनए इंटरफेरन्स जास्त चांगले असते का? तसे असेल तर बदकाचे जनुक कोंबडीत घालता येणार नाही का?
(विद्यार्थिनी, अकरावी विज्ञान, चिपळूण)

उत्तर : प्रश्न छान आहे, अंदाज थोडा चुकला. फरक कात्रीत नाही, हाळीत आहे. वरचे उत्तर आधी वाच. दुपदरी आरएनए आणि विषाणूच्या आरएनएची टोके ओळखणारी काही प्रथिने पेशीत पहाऱ्यावर असतात. त्यातले रिग-आय नावाचे प्रथिन बदकात आहे, कोंबडीत ते जनुकच सापडत नाही. २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बदकाचे हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातले, तेव्हा फ्लूचा विषाणू त्या पेशींत कमी वाढला. कोंबडी अगदीच आंधळी नाही, तिच्याकडे एमडीए-५ नावाचा दुसरा पहारेकरी आहे. पण फ्लूच्या बाबतीत त्याचा डोळा तेवढा तीक्ष्ण नाही. आणि बदकांना काहीच होत नाही हेही सरसकट खरे नाही. एच५एन१ चे काही प्रकार बदकांनाही मारतात.

जिवंत कोंबडीत जनुकांचे प्रयोग झाले आहेत. २०११ मध्ये केंब्रिज आणि स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेच्या गटाने कोंबडीत एक छोटा, केसाच्या पिनेसारखा वळलेला आरएनए बसवला. तू वाचशील तिथे त्यालाही कोणी आरएनए इंटरफेरन्स म्हणेल, पण ते तसे नव्हते. तो आरएनए कापायला नव्हता, आमिष होता, विषाणूच्या यंत्राने त्यालाच चिकटून बसावे म्हणून. त्या कोंबड्या फ्लू झाल्यावर मेल्या, पण शेजारच्या कोंबड्यांना त्यांच्याकडून लागण झाली नाही. २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला कोंबडीचे एएनपी३२ए हे प्रथिन लागते, त्यातच बदल केला. नेहमीच्या मात्रेला दहापैकी नऊ पक्षी टिकले. मात्रा हजारपट केली तेव्हा निम्म्यांना लागण झाली, आणि विषाणूने त्याच कुळातली दुसरी दोन प्रथिने वापरायला शिकून घेतले. तुला पुढे या विषयात जायचे असेल तर त्या पाच कोंबड्यांबद्दल वाच, ज्यांच्यात विषाणू शिरला. टिकलेल्यांपेक्षा त्या जास्त शिकवतात.

प्रश्न : बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की मुलांना अंडी द्यायची बंद करते. बरोबर करते ना? सासूबाई म्हणतात, काही होत नाही.
(एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : यावेळी सासूबाईंच्या बाजूने. सत्तर अंश तापमानाला हा विषाणू मरतो आणि अंडे उकडताना पाणी त्याच्या बरेच वर असते. फक्त बलक घट्ट होईपर्यंत उकडा. हाफ फ्राय आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज त्या दिवसांत नको. कच्चे चिकन हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. टरफलावर घाण असेल तर अंडे फोडण्याआधी धुवा, पण धुऊन फ्रिजमध्ये साठवू नका.